ट्रंकेत मावेल तेवढं

पोलादपूर,
ता. ९ सप्टेंबर १९७८

चि. सौ. मंजुळा हिला सोनबा दाजीचा सप्रेम सलाम.

तुझं अंतर्देशीय पोचलं. आधी तब्येती सांग, बाकीचं मग. तुझा घसा कसा आहे? वर्गात ओरडून बसला म्हणून लिहिलं होतंस. हळदीचं दूध घे आणि पोरांना थोडं मोठं होऊ दे, आपोआप ऐकतील. शांतवनरावांची पाठ? सायकलवरून पडलेल्या माणसानं सायकल सोडावी असं मी म्हणत नाही, पण उतारावर तरी खाली उतरावं. तुझ्या सासूबाई प्रयागबाईंचे गुडघे थंडीच्या आधीच कुरकुरायला लागले असतील, त्यांना माझा वेगळा सलाम. नीलाला चष्मा लागला का? आणि ती तुमची लंगडी शेळी? तिलाही विसरलो नाही.

इकडे मला खोकला आहे, तो आता घरचाच झाला. तुझी आक्का उत्तम आहे. हल्ली तर चेहऱ्यावर असं काही तेज आलंय की मीच बघत राहतो.

तू लिहितेस, महिला मंडळात तुला 'समाधान आणि साधी राहणी' यावर बोलायचं आहे, तर दाजी, चार गोष्टी लिहून धाडा. गो, मी शाळेची पायरी न चढलेला माणूस. मिशनच्या गोऱ्या साहेबांच्या टांग्याचा घोडा सांभाळता सांभाळता त्यांच्या पोरांच्या पाटीवरून अक्षरं उचलली, आणि पुढं मिशननं सुवार्तिक करून येशूचं वचन सांगायला गावोगाव पाठवलं. मला व्याख्यान जमत नाही. तुझ्या बहिणीचं काय ते सांगतो, माझ्यापाशी तेवढंच आहे.

तुला आठवत असेल, दोन-तीन वर्षं झाली की आमची बदली ठरलेली. नाते गाव झालं, उमरठ झालं, मधे कुडपणच्या माथ्यावरही राहिलो. बदलीचा कागद आला की मी तोंड पाडून बसायचो आणि आनंदी खाटेखालची ट्रंक ओढायची. तिचा एकच कायदा: ट्रंकेत मावेल ते आपलं, उरलेलं गावाचं. जातं नात्याला राहिलं, पाटा-वरवंटा उमरठला. बैलगाडी दारात येईतो घर झाडून रिकामं. गाडीत बसली की म्हणायची, "हलकं वाटतं, नाही?" मला कधीच वाटलं नाही. मी मागं वळून जात्याकडं बघत बसायचो.

आता काम सुटून या हैबतीच्या दोन खोल्यांत आम्हाला बरीच वर्षं झाली. लेकरू नाही, तरी सामान वाढतंच. पण या पावसाळ्यापासून आनंदीनं पुन्हा द्यायला घेतलंय. तांब्याचा हंडा दिला ठमाबाईला, म्हणजे हैबतीच्या बायकोला, आमच्या घरमालकिणीला. आणि रागावू नको, तू आणलेला कुकर बौद्धवाडीतल्या राहीबाईला दिला, तिची सून बाळंत झाली म्हणून. मी म्हटलं, "अगं, मंजूनं नगरपासून मांडीवर धरून आणला होता." तर म्हणते कशी, "मग आता तिच्या मांडीला आराम."

मी जन्मभर समाधानावर उपदेश केले आणि मनात जातं धरून बसलो. ती उपदेश करत नाही, करून मोकळी होते. बायांना हे सांग.

उत्तर लौकर लिही, गाव मला मास्तरच म्हणतं, तर टपालवाला विचारायला लागलाय, मास्तर, कुणाची वाट बघता?

तुझा,
सोनबा दाजी

—

अहमदनगर,
ता. ३० सप्टेंबर १९७८

ति. दाजींच्या चरणी मंजुळाचा सलाम.

घसा सुधारला. पाठ तशीच, सायकलही तशीच. सासूबाई म्हणतात, गुडघे देवाघरी आधी जाणार, बाकीच्या त्या मागून. नीलाला चष्मा लागला, आरशासमोरून हलत नाही. शेळी व्याली.

कुकरचं वाचून आधी मला राग आला, खोटं कशाला बोलू. मग हसू आलं, मग रडू आलं. दाजी, आमच्या घरात एक वस्तू घेतली की दुसरीची जागा आधी ठरते. मी मंडळात काय बोलणार? मी तुमचं पत्रच वाचून दाखवायचं ठरवलं आहे. आक्काचं अजून लिहा, म्हणजे माझं काम सोपं होईल.

तुमची,
मंजुळा

—

पोलादपूर,
ता. ३ डिसेंबर १९७८

चि. मंजुळा,

सलाम. उत्तराला उशीर झाला, खोकल्यानं धरलं होतं. तुम्ही सगळे बरे असाल, शेळीची पिल्लंही.

आक्काचं लिहा म्हणालीस. काय लिहू आणि काय नको असं झालंय. खाट गेली, आम्ही चटईवर आलो. फळीवरचे पितळी डबे गेले. परवा माझा काळा कोट हैबतीला दिला, उपासनेला उभं राहायचा, तुला ठाऊक आहे तो. मला विचारलंसुद्धा नाही. मी जरा घुश्शात म्हटलं, "नाताळला मी काय बंडीवर प्रार्थना करू?" ती हसली. म्हणाली, "देव काय शिंपी आहे, कोट बघायला?" नाताळला मी बंडीवरच उभा राहणार, आणि आमच्या पाच-सहा घरांच्या मंडळीला हेच सांगणार.

आणि एक सांगतो, हे तुला कळेल. रोज दुपार कलली की ती ट्रंक पडवीत आणते, पदर नीट घेते आणि ट्रंकेवर बसून रस्त्याकडं बघते. मी पाणी घेऊन गेलो की विचारते, "गाडी कधी यायची हो?" पहिल्यांदा मी चमकलो. मग उमगलं. मंजू, ती त्या वरच्या घराचं बोलते. तिची तयारी झाली आहे. हात रिकामे, मन रिकामं, आणि चेहऱ्यावर जराही भीती नाही. मी म्हणतो, "वेळ झाली की येईल." ती म्हणते, "येऊ दे. माझं सगळं आवरलंय."

मला तिचा हेवा वाटतो. माझं काहीच आवरलेलं नाही. ती निघाली तर मी मागं काय करू, हाच विचार. संध्याकाळी चहा पुढं ठेवते, कधी त्यात साखरेच्या जागी मीठ असतं, तोही मी पितो. ज्या बाईचं चित्त इतकं वर लागलंय तिला साखरेचं काय.

नाताळचा सलाम सगळ्यांना. लिही.

सोनबा दाजी

—

अहमदनगर,
ता. १४ जानेवारी १९७९

ति. दाजी,

सलाम. दाजी, काय सांगू! दोन्ही पत्रं मंडळात वाचली. 'माझं सगळं आवरलंय' इथं आले आणि ती ओळ पुन्हा एकदा वाचली. बाया पदर डोळ्यांना लावून बसल्या. आमच्या बनुबाई, जिच्या कपाटाची किल्ली तिच्या सुनेनंही पाहिली नव्हती, तिनं दुसऱ्या दिवशी सुनेला बोलावून कपाट उघडलं. आमच्या चर्चचे पाळकसाहेब म्हणतात, मंडळीच्या मासिकात छापू. फक्त आक्काच्या हातच्या दोन ओळी हव्यात, तिला समाधान कसं लाभलं याच्या.

तिच्याकडून लिहून घ्याच. आणि दाजी, यंदा नाताळला आक्काचं कार्ड आलं नाही. माझ्या लग्नापासून पहिल्यांदाच. टपालात गहाळ झालं का?

मंजुळा

—

पोलादपूर,
ता. ११ फेब्रुवारी १९७९

चि. मंजुळा,

मासिकात छापू नका. पाळकसाहेबांच्या मी पाया पडतो म्हणून सांग.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी आनंदीपुढं कागद-दौत ठेवली. म्हटलं, "मंजू म्हणते, दोन ओळी लिही." तिनं टाक धरला. बराच वेळ कागदाकडं बघत राहिली. मग टाक खाली ठेवून म्हणाली, "शाई वाळलीय." शाई वाळली नव्हती गो.

त्यानंतर थंडी पडली. आमच्या दोन्ही घोंगड्या तिनं कधीच देऊन टाकलेल्या. ती कुडकुडायला लागली तेव्हा मी लाज सोडून ठमाबाईकडं गेलो. म्हटलं, "वैनी, एक घोंगडी चार दिवस मिळेल का?" ठमाबाईनं दिवा घेतलान आणि मला माळ्याच्या शिडीशी नेलंन.

मंजू, माझं सगळं घर त्यांच्या माळ्यावर होतं. हंडा, डबे, मोडून ठेवलेली खाट. कोट धुऊन, कडुलिंबाचा पाला घालून फडक्यात बांधलेला. तुझा कुकरही. राहीबाईनं तो त्याच आठवड्यात इथं आणून दिला होता. कुणी एक वस्तू वापरली नव्हती.

मी म्हटलं, "हे काय?"

"काय म्हंजे?" ठमाबाई म्हणाली. "आमाला ठावं हाय मास्तर. श्रावणापास्नं ठावं हाय. हाच हंडा बायनं मला चारदा दिलान. मी मागनं गुपचूप नेऊन ठेवायचे, ती परत घेऊन यायची, ठमा, घे गो, आमची बदली झालीय. मग माल्यावरच टाकला."

"बदली?"

"रोज तेच. मास्तरांचा कागद आला, गाडी यायचीय. तुमाला नाय बोलली?"

बोलली होती. मला रोज बोलली होती. मी त्यातून स्वर्ग काढला.

"मग मला का नाही सांगितलंस?"

तिनं दिवा ह्या हातातून त्या हातात घेतला. म्हणाली, "तुमी लय खुशीत होतात. सगल्यांना सांगत होतात, आमची आनंदी बघा. कसं सांगायचं, सांगा बघू?"

घोंगडी घेऊन घरी आलो. आनंदीला विचारलं, "आपण कुठं चाललोय?" तर माझ्याकडं, वेड्याकडं बघावं तसं बघून म्हणाली, "अहो, कागद तुम्हीच वाचलात ना!"

महाडला डॉक्टरकडं नेलं. भला माणूस आहे, बराच वेळ दिला. तिला वर्ष विचारलं, तिनं साहेबांच्या वेळचं सांगितलं. मला बाहेर नेऊन म्हणाला, "या वयात काहींना होतं असं. उतरणीला लागलंय. याला औषध नाही, सांभाळणं आहे."

म्हणजे ती समाधानी नव्हती, मंजू. ती सामान आवरत होती. आणि मी चौकटीत उभा राहून तिला साधू करत होतो. आता प्रार्थनेला बसतो तर काय मागावं तेच कळत नाही. तिला आठवण दे म्हणू, तर बदली नाही, गाडी नाही, आपण म्हातारे झालो, एवढंच तिला आठवायचं आहे. ते मी कुठल्या तोंडानं मागू?

बनुबाईंना काय सांगायचं ते तूच ठरव.

सोनबा दाजी

—

अहमदनगर,
ता. २४ फेब्रुवारी १९७९

ति. दाजी,

सलाम. चार वेळा कागद फाडला. रागावून लिहिलं होतं, तुम्हाला कळलं कसं नाही म्हणून. मग माझं मलाच आठवलं, मला तरी कुठं कळलं? मी तर मंडळात वाचून दाखवलं.

बनुबाईंना काही सांगितलं नाही. सून कपाटातून आपल्या हातानं साखर काढते आहे, ते बंद पडलं तर आक्काला आवडणार नाही, एवढंच मला सुचलं.

आता ऐका. ईस्टरच्या सुट्टीत मी येते आणि आक्काला इकडं आणते. इथं मोठा दवाखाना आहे, मी आहे, नीला आहे. तुम्ही खोकत चूल पेटवणार, तिच्यामागं धावणार, किती दिवस? तुम्हालाही आणलं असतं, पण दोन खोल्या, त्यात सासूबाई आता अंथरुणालाच. तुम्हाला हे लिहिताना हात जड होतो. पण तिच्या भल्याचं बघू या.

मंजुळा

—

पोलादपूर,
ता. ६ मार्च १९७९

चि. मंजुळा,

ये. मी अडवत नाही. तिच्या भल्याचं तुला जास्त कळतं. ट्रंक भरलेलीच आहे.

सोनबा

—

अहमदनगर,
ता. २२ एप्रिल १९७९

ति. दाजी,

सलाम. काल एकटी घरी पोचले. वरंध्याचा घाट कधी चढला ते कळलं नाही. घरी सगळ्यांनी विचारलं, आक्का कुठं?

डोळ्यांसमोरून ते जात नाही. किती हसत निघाली होती ती! ठमाबाईंच्या गळ्यात पडली, म्हणाली, आली बरं का गाडी एकदाची. महाडच्या स्टँडवर पायरीवर पाय ठेवलान आणि थबकली. "हे कुठं राहिले?" तुम्ही ट्रंक डोक्यावर घेऊन तिच्या मागंच उभे. "मी आहे ना, आनंदी," म्हणालात. तिनं तुमच्याकडं बघितलं आणि मला म्हणाली, "या हमालबाबाला काही खायला दे गो, म्हातारा आहे."

मग ती खाली बसली ती बसलीच. "आमचे हे आल्याशिवाय मी गाडीत बसायची नाही." कंडक्टर दोनदा बोलून गेला, मावशी, बसताय की सोडू गाडी? दाजी, तुम्ही तिच्यापुढं उकिडवे बसून काय समजावत होता ते मला ऐकू आलं नाही. ती मात्र तुमच्या खांद्यावरून रस्त्याकडं बघत होती.

मी काय करू ते सांगा. काहीही सांगा.

मंजुळा

—

पोलादपूर,
ता. २० मे १९७९

चि. सौ. मंजुळा हिला सलाम.

तुझा घसा, शांतवनरावांची पाठ, प्रयागबाई, नीला, सगळ्यांचं कळव. इथं लिहायला बसलो की मला आता तेवढंच सुचतं.

तू काय करू विचारलंस. काही करू नको. करण्यासारखं असतं तर मी तुझ्याआधी केलं असतं.

स्टँडवरून परत आलो त्यानंतर काही दिवस सकाळी ती मला ओळखायची. "उठलात?" म्हणायची. आता तेही नाही. परका बाप्या घरात वावरलेला तिला चालत नाही, आणि ते बरोबरच आहे, तिला लोकांत राहायची रीत कुणी शिकवायला नको. म्हणून मी पडवीत असतो. निजायलाही तिथंच. आत ठमाबाई नाहीतर राहीबाई असते, पाळीपाळीनं. भाकरी ठमाबाई थापते, चूल आम्ही बंदच केली. आनंदी ताट घेऊन दारात येते.

"कुठले बाबा तुम्ही?"

"इथलाच."

"जेवलात का?"

"नाही."

"घरी कोण आहे?"

"बायको आहे."

"मग तिला सोडून इथं काय करता?"

मी मान खाली घालतो. तिला दया येते. ताट पुढं ठेवते, आणि मी घास उचलणार तर हात आडवा करते. "थांबा. तुम्हाला येत नसेल, मी म्हणते." आणि डोळे मिटून जेवणाआधीची उपकाराची प्रार्थना म्हणते, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक शब्द चुकत नाही. मी तिच्याकडं बघत बसतो. आमेन मात्र मी म्हणतो. ती खुश होते. "येतं की तुम्हाला!"

परवा ठमाबाईनं माझा कोट माळ्यावरून काढून ऊन दाखवायला वळणीवर टाकला होता. आनंदीनं तो उचलून मला आणून दिलान. "आमच्या ह्यांचा आहे. घाला. ते रागवायचे नाहीत." घातला. मागं सरून तिनं बघितलं. "बरोब्बर झाला हो!"

तू पहिल्या पत्रात समाधानाचं विचारलं होतंस. मला ते अजूनही माहीत नाही गो. साध्या राहणीचं म्हणशील तर याहून साधं काय राहायचं? घर नाही, नाव नाही, नातंही नाही, तिच्या हातून मिळणारी भाकरी आहे. ही भाकरी ती कुणालाही देईल, मी कोण आहे म्हणून देत नाही, हे मला ठाऊक आहे. पहिले काही दिवस घास गिळवत नव्हता. आता खातो. रोज एवढंच मागतो की उद्याही तिला मी भुकेला दिसू दे. तेवढं दिसायचं थांबलं म्हणजे काय, ते मी मनात आणत नाही.

काल एक झालं. माझ्या हातात टाक बघून ती जवळ आली. "बाबा, लिहिता येतं? मग आमच्या ह्यांना एक पत्र लिहा." मी लिहिलं. ती सांगेल तसं, एक अक्षर इकडचं तिकडं केलं नाही. टपालाच्या पेटीत टाका म्हणाली. कुठल्या पत्त्यावर टाकू? म्हणून याच पाकिटात घालून तुझ्याकडं धाडतो. ती रोज विचारते, उत्तर आलं का? मी लिहावं तर तिच्या डोळ्यांदेखत लिहावं लागतं. तू लिही. काय लिहायचं ते मला विचारू नको.

सोनबा दाजी

(सोबतचा कागद)

आमच्या ह्यांना सलाम.

तुम्ही कसे आहात? खोकला कसा आहे? रात्री छातीला तेल लावता का? साहेबांचा घोडा बरा आहे का? आई बरी आहे का? मंजूचा ताप उतरला का, ती शाळेला जाते का? तिला म्हणावं, आक्का नव्या गावी गेली की तुला न्यायला येईल.

मी बरी आहे. बदलीचं सगळं आवरलं. ज्याचं त्याला देऊन टाकलं. घर अगदी हलकं झालं, तुम्ही असतात तर जात्याकडं बघत बसला असतात. माणसं इथली फार चांगली आहेत, सोडताना जिवावर येईल.

एक म्हातारबाबा पडवीत असतात. गरीब आहेत. तुमच्यासारखेच खोकतात. त्यांना तुमचा कोट दिला, रागावू नका, नव्या गावी दुसरा करू. तेच हे पत्र लिहितात. लिहिताना रडतात, घरची आठवण येत असेल.

गाडी एकदा येऊन गेली. मी बसले नाही. तुमच्याशिवाय कशी बसेन? ट्रंकेत थोडी जागा ठेवली आहे, तुमचं काही असलं तर.

वाट बघते. उत्तर लौकर पाठवा.

आनंदी